पणजोबा कुतच्या वेढ्यात कशासाठी होते? (महायुद्धांची कारणं, फॅसिझम आणि इतिहासकारांचे वाद)

माणदेशी (रविवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. आमच्या घरी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात चांदीचं एक मेडल आहे. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस, आणि कडेला, म्हणजे रुपयाला जिथे दाते असतात ना तिथे, बारीक अक्षरांत नंबर, पणजोबांचं नाव आणि ११० मराठा असं कोरलंय. आजी दर दसऱ्याला रांगोळीने घासून ते खुरपं-विळ्याबरोबर पूजेला मांडायची.

पणजोबा सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये गेले आणि कुत अल-अमाराच्या वेढ्यात अडकले. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी शेवटी घोडे कापून खायची पाळी आली, आपल्या लोकांनी धर्मापायी कितीतरी दिवस त्याला हात लावला नाही, मूठभर पिठावर दिवस काढले, हिरड्या सुजून दात हलायला लागले. जनरल टाउनशेंडने शरणागती दिली तेव्हा सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली, त्यात पणजोबा. घरी परत आले १९१९ ला. आजी सांगायची की कैदेत त्यांनी "रास लाइनला रूळ वाहिले". आमच्याकडे सगळे समजायचे की मिरज लाइन असते तशी ही कुठलीतरी लाइन असणार.

आता मुद्द्याचं. शाळेत आपण पाठ केलं होतं, गुप्त करार, लष्करवाद, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद आणि तात्कालिक कारण सारायेव्होचा खून. दुसऱ्या युद्धाला व्हर्सायचा तह आणि हिटलर. पाच मार्क, विषय संपला. लॉकडाऊनपासून मी यावर वाचायला लागलो आणि बघतो तर काय, इतिहासकारांत शंभर वर्षं एकमत नाही. एक म्हणतो जर्मनीने ठरवून केलं, दुसरा म्हणतो सगळेच डोळे मिटून चालत होते, तिसरा म्हणतो भांडवल, चौथा म्हणतो आगगाडीचं वेळापत्रक. फॅसिझमवर तर व्याख्येपासूनच भांडण आहे. मला खरंच जाणून घ्यायचंय. म्हसवडकडच्या एका पंचवीस वर्षांच्या पोराला टायग्रिसच्या काठावर उपाशी बसवणारं कारण नेमकं कोणतं? जाणकारांनी लिहा. आजच्या पक्षांवर घसरू नका एवढी हात जोडून विनंती.

---

बर्लिनकर (रविवार, रात्री ११:५५)

माणदेशी, तुमचा धागा वाचून उठून बसलो. "रास लाइन" ही लाइन नाहीये हो! ते रास अल-ऐन आहे, गावाचं नाव, आता सीरियात तुर्कस्तानच्या सीमेला लागून. बगदाद रेल्वेचं काम तेव्हा तिथवर आलं होतं आणि कुतमधून नेलेल्या हिंदी कैद्यांना तिथे रेल्वेच्या कामाला जुंपलं होतं. पणजोबांनी सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

आणि आता यातली खरी गोष्ट बघा. ही बगदाद रेल्वे म्हणजे तुमच्या शाळेतल्या "साम्राज्यवाद" या कारणाखाली हमखास येणारं उदाहरण. डॉइचे बँकेचा पैसा, जर्मन इंजिनियर, ऑटोमन सुलतानाची जमीन, आणि इंग्रजांना धास्ती की जर्मनी बगदाद-बसऱ्यामार्गे हिंदुस्थानच्या दाराशी येणार. म्हणजे ज्या रुळांना युद्धाचं कारण म्हणतात ते रूळ तुमच्या पणजोबांनी खांद्यावर वाहिले.

पण (आणि हा पण महत्त्वाचा आहे) बगदाद रेल्वेवरचा इंग्लंड-जर्मनी तंटा जून १९१४ मध्ये वाटाघाटीने मिटत आला होता, मसुद्यावर दोन्हीकडच्या प्रतिनिधींनी सह्याही केल्या होत्या. त्याच महिन्याच्या २८ तारखेला सारायेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज फर्डिनांडला गोळी लागली. मग जो वाद मिटला त्याच्यावरून युद्ध झालं असं कसं म्हणायचं? इथूनच इतिहासकारांची भांडणं सुरू होतात. उद्या फिशर नावाच्या इतिहासकाराच्या प्रकरणावर सविस्तर लिहितो, ते इथे जर्मनीत अजून दुखतं.

---

सायली_क (सोमवार, सकाळी ७:१५)

अंगावर काटा आला वाचून. मी आठवी ते दहावीला इतिहास शिकवते. बर्लिनकर, लिहाच. वाचनखूण साठवलीये.

---

माणदेशी (सोमवार, सकाळी ८:०२)

बर्लिनकर, काय बोलू कळेना. आत्ता आत्याला फोन करून सांगितलं, ती फोनवरच रडायला लागली. नव्वद वर्षं आमच्या घरात तो शब्द चुकीचा समजला जात होता.

---

बर्लिनकर (सोमवार)

हां, तर फिशर.

आधी मागची गोष्ट. व्हर्सायच्या तहातलं २३१ वं कलम सगळ्यांना माहीत असतं, जर्मनी आणि तिच्या साथीदारांवर नुकसानीची जबाबदारी टाकणारं. त्यात "अपराध" असा शब्द नाहीये, पण जर्मनीत ते अपराधाचं कलम म्हणूनच वाचलं गेलं. मग परराष्ट्र खात्याने यासाठी चक्क वेगळा विभागच काढला, काम एकच, जर्मनीवरचा ठपका खोडून काढायचा. १९२२ ते १९२७ मध्ये जुन्या कागदपत्रांचे ४० खंड छापले. बाकीच्या देशांची दफ्तरं तेव्हा बंद, त्यामुळे जगभरच्या अभ्यासकांना हाताशी मिळाले ते जर्मनीने निवडलेले कागद. १९३० च्या आसपास "सगळेच घसरत गेले, कोणाचाच एकट्याचा दोष नाही" हे मत पक्कं झालं ते काही हवेतून नाही झालं.

दुसऱ्या युद्धानंतर पश्चिम जर्मनीतल्या म्हाताऱ्या प्राध्यापकांना हेच मत सोयीचं होतं, हिटलर म्हणजे एक अपघात, त्याच्या आधीचा जर्मनी सभ्य. आणि १९६१ ला हॅम्बुर्गच्या फ्रिट्झ फिशरने बॉम्ब टाकला. त्याने दफ्तरातून ९ सप्टेंबर १९१४ चा कागद काढला, चान्सेलर (म्हणजे पंतप्रधान) बेथमान होल्वेगचा. युद्धाला सहा आठवडेसुद्धा झाले नव्हते आणि त्यात यादी तयार, फ्रान्सचा लोखंडाच्या खाणींचा भाग घ्यायचा, बेल्जियमला मांडलिक करायचं, लक्झेंबर्ग सामील करायचं, मध्य आफ्रिकेत सलग वसाहत. फिशरचं म्हणणं हे की जर्मन सत्ताधाऱ्यांना जागतिक सत्ता व्हायचं होतं, युद्धाचा धोका त्यांनी जाणूनबुजून पत्करला, आणि १९१४ ची उद्दिष्टं आणि हिटलरची उद्दिष्टं यात एक धागा सलग जातो.

गहजब झाला. गेरहार्ड रिटर हा स्वतः पहिल्या युद्धात लढलेला आणि हिटलरच्या तुरुंगात राहिलेला माणूस, तोसुद्धा फिशरवर तुटून पडला. १९६४ मध्ये फिशरच्या अमेरिकेतल्या व्याख्यानांचा मंजूर झालेला सरकारी पैसा परराष्ट्र खात्याने काढून घेतला, शेवटी अमेरिकन विद्यापीठांनी खर्च केला. पण तरुण पिढी फिशरच्या बाजूने गेली आणि पुढची तीसचाळीस वर्षं तेच मत चाललं.

मग २०१२ ला इतिहासकार ख्रिस्तोफर क्लार्कचं पुस्तक. तो सुरुवात करतो १९०३ च्या बेलग्रेडपासून, सर्बियाच्या राजाराणीचा लष्करी अधिकाऱ्यांनी केलेला खून, तोच आपिस नावाचा अधिकारी पुढे सारायेव्होच्या कटामागे. क्लार्कचा प्रश्न "का" नाही तर "कसं". व्हिएन्ना, पीटर्सबर्ग, पॅरिस, बर्लिन, लंडन, सगळीकडे माणसं दुसऱ्याच्या डोक्यात काय आहे हे न ओळखता पावलं टाकत गेली. जर्मनीत हे पुस्तक धोधो खपलं. अनेकांना त्यातून सुटल्यासारखं वाटलं, आणि म्हणूनच जॉन र्‍योल, आनिका मोम्बाउअर यांच्यासारखे अभ्यासक वैतागले. त्यांचं म्हणणं सरळ आहे, ५ जुलैला ऑस्ट्रियाला "तुम्ही करा, आम्ही पाठीशी आहोत" असा कोरा चेक कोणी दिला? बर्लिनने. तो कागद कोण कसा विसरेल.

माझं मत? मी फिशरच्या बाजूला झुकतो, पण सलग धाग्याबद्दल नाही. सप्टेंबरचा कागद युद्ध सुरू झाल्यावरचा आहे, त्यावरून जुलैतला हेतू सिद्ध होत नाही. लग्नानंतरच्या याद्यांवरून लग्न हुंड्यासाठीच ठरलं होतं असं म्हणता येईलच असं नाही.

---

गिरणगाव (सोमवार, दुपारी १२:३०)

बर्लिनकर यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे पण पाच राजधान्यांतल्या पन्नास साहेबांच्या पत्रव्यवहारातच सगळं बसवलंय. लेनिनने १९१६ ला झुरिचमध्ये बसून मांडलं ते वाचा. बँका आणि कारखानदारी एक झाली, देशातला बाजार पुरेना, जगाची वाटणी करून झाली होती, मग उशिरा आलेल्या जर्मनीला फेरवाटणी पाहिजे होती. फर्डिनांड मेला नसता तर दुसरं निमित्त झालं असतं. माणदेशींच्या पणजोबांना बसऱ्याला का उतरवलं? इराणमधल्या अबादानच्या तेलासाठी! ब्रिटिश सरकारने १९१४ च्या उन्हाळ्यात अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर घेतले, आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईहून गेलेली फौज शत्त-अल-अरबच्या मुखाशी उतरली. याच्यापेक्षा स्पष्ट काय पाहिजे?

आणि युद्धात मुंबईच्या गिरण्यांनी नफा केवढा कमावला, माझे आजोबा तेव्हा साच्यावर होते, महागाईत पगार पुरेना म्हणून १९१९ च्या संपात उतरले. युद्ध कोणाच्या फायद्याचं होतं ते कामगाराला कागद न वाचता कळत होतं.

---

जुनाकागद (सोमवार, दुपारी ३:४५)

@गिरणगाव, तेलाचा मुद्दा मान्य, पण जरा थांबा. इथे दोन प्रश्न एकात मिसळलेत. युद्ध *लागलं* कशामुळे आणि लागल्यावर ते मेसोपोटेमियात *पोचलं* कशामुळे. दुसऱ्याचं उत्तर तेल, हिंदुस्थानचा रस्ता, तुर्कांची धास्ती, बरोबर. पहिल्याचं नाही. जुलै १९१४ मध्ये लंडनचे बँकवाले युद्ध नको म्हणून हातापाया पडत होते, ३१ जुलैला लंडनचा शेअर बाजार बंद करावा लागला. इंग्लंड आणि जर्मनी एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक होते. फायदा झाला म्हणून त्यानेच केलं असं होत नाही.

आणि तिसराही प्रश्न आहे जो कोणी विचारत नाही, ते चार वर्षं *थांबलं* का नाही? १९१४ च्या डिसेंबरातच सगळ्यांना कळलं होतं की झटपट विजय नाही.

---

गिरणगाव (सोमवार, संध्या. ६:१०)

वेगवेगळे प्रश्न आहेत हे मानतो. पण तुमच्या पहिल्या प्रश्नात फक्त बंगल्यातली माणसं येतात आणि दुसऱ्यात मेलेली माणसं, तेवढं लक्षात ठेवा.

---

सेक्शन_कंट्रोलर (सोमवार, रात्री ९:२०)

मी इतिहासाचा माणूस नाही. चौतीस वर्षं रेल्वे कंट्रोलमध्ये काढली, कॉम्प्युटर यायच्या आधी चार्टवर पेन्सिलीने गाड्यांच्या रेषा ओढायचो. वर कोणीतरी वेळापत्रकाचं म्हटलं म्हणून लिहितोय.

ए. जे. पी. टेलर नावाच्या इंग्रज इतिहासकाराचं म्हणणं की १९१४ चं युद्ध वेळापत्रकाने लादलं. प्रत्येक देशाची लाखो माणसं रेल्वेने सीमेवर न्यायची योजना आधीच आखलेली, एकदा सुरू केली की थांबवता येत नाही, जो उशीर करेल तो मेला. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कोलोनच्या पुलावरून दर दहा मिनिटांला एक सैनिकी गाडी जात होती. ज्यांनी कंट्रोलमध्ये काम केलंय त्यांनाच कळेल दहा मिनिटांच्या अंतराने दिवसरात्र दोन आठवडे गाड्या काढणं म्हणजे काय. एक मालगाडी लूपला (बाजूच्या रुळावर) टाकली तर मागच्या चार गाड्यांचं गणित फिरतं, तिथे तर अख्खा देश रुळावर.

१ ऑगस्टला संध्याकाळी कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, वाटलं इंग्लंड आणि फ्रान्स बाहेर राहतील, त्याने सेनापती मोल्टकेला सांगितलं की मग सगळी फौज पूर्वेला रशियाकडे वळवा. मोल्टके म्हणाला शक्य नाही, वर्षभर आखलेली योजना मोडली तर हातात फौज नाही, नुसता जमाव राहील. आता बघा, रेल्वे विभागाचा आधीचा प्रमुख जनरल श्टाब्स याने हे पुढे वाचलं तेव्हा त्याला इतकं लागलं की त्याने पुस्तक लिहून आकड्यांनिशी दाखवलं की आम्ही फौज वळवू शकत होतो. आणि त्याच ऑगस्टच्या अखेरीला पश्चिमेकडून दोन कोअर (फौजेच्या मोठ्या तुकड्या) उचलून रेल्वेने पूर्व प्रशियात पाठवलेच की!

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की चार्ट कधीच गाडी चालवत नाही. चार्ट माणूस बनवतो आणि वरून फोन आला की खोडरबर घेऊन माणूसच बदलतो. "वेळापत्रकामुळे होऊ शकत नाही" हे वाक्य मी नोकरीत हजारदा ऐकलंय आणि म्हटलंय पण, बऱ्याचदा त्याचा अर्थ "मला करायचं नाही" असाच असतो.

---

बर्लिनकर (सोमवार, रात्री ११:३०)

काका, हा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. तुमच्या मुद्द्याला जोड देतो. २९ जुलैला झार निकोलसने सरसकट लामबंदीचा (फौजा गोळा करण्याचा) हुकूम दिला होता, रात्री कैसरची तार आली आणि त्याने तो मागे घेतला. म्हणजे थांबवता येत होतं, एकदा थांबवलंच. ३० तारखेला दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह तासभर बसून त्याला पटवत राहिला आणि मग पुन्हा होकार. त्या एका तासात वेळापत्रक नव्हतं, दोन माणसं होती.

---

सायली_क (मंगळवार, दुपारी ४:५०)

आता दुसऱ्या भागाकडे येते कारण वर्गात मला जास्त अडचण तिथे येते. "व्हर्सायच्या तहाने हिटलर जन्माला घातला" हे मुलं डोळे मिटून लिहितात. अर्थतज्ज्ञ केन्सने १९१९ मध्येच तहावर कडक टीका केली होती आणि तिथून हे वाक्य रुजलं. पण आकडे बघा.

नुकसानभरपाई ठरली १९२१ ला, १३२ अब्ज सोन्याचे मार्क. ऐकून छाती दडपते. पण त्यातले ८२ अब्ज अशा रोख्यांत टाकले होते जे वसूल होतील अशी ठरवणाऱ्यांनाही अपेक्षा नव्हती, तो आकडा फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या मतदारांसाठी होता. आणि १९३२ ला लोझानच्या परिषदेत भरपाई जवळपास संपलीच, हिटलर सत्तेवर यायच्या सहा महिने आधी.

मतं बघा. तह १९१९ चा. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना २.६ टक्के. म्हणजे नऊ वर्षं तहाचा राग होता पण मत नव्हतं. मग मंदी आली, १९३० ला १८.३ टक्के, जुलै १९३२ ला ३७.३ टक्के, बेकार साठ लाखांच्या आसपास. तेव्हा कारण तह की मंदी? आणि मंदी म्हणावी तर अमेरिकेतही होती, तिथे रूझवेल्ट आला.

अजून एक, आम्हाला वाटायचं बेकार लोकांनी हिटलरला मतं दिली. युर्गेन फाल्टरने मतदारसंघांचे आकडे तपासून दाखवलं की बेकार कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे गेले, नाझींची भक्कम मतं प्रोटेस्टंट खेड्यांतून आली, कॅथलिक भागात त्यांना तेवढं घुसता आलं नाही. म्हणजे ज्याचं गेलं होतं तो नाही, ज्याला आपलंही जाईल अशी भीती होती तो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नोव्हेंबर १९३२ ला नाझींची मतं *घटली*, ३३.१ टक्के, वीस लाख मतं गेली. पक्षाची तिजोरी रिकामी. उतरणीला लागले होते. आणि तीन महिन्यांत ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने हिटलरला चान्सेलर केलं, कारण माजी चान्सेलर पापेनने म्हाताऱ्याला पटवलं की आपण त्याला मंत्रिमंडळात घेरून ठेवू. निवडून आला हे अर्धंच खरं आहे, बोलावून आणला. हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंपण मान वर करतात.

---

गिरणगाव (मंगळवार, रात्री ८:१५)

आणि बोलावणाऱ्यांना पैसा कोणाचा? २० फेब्रुवारी १९३३ ला नाझी नेता ग्योरिंगच्या सरकारी घरी पंचवीसेक उद्योगपती जमले, क्रुप वगैरे, तीस लाख मार्क कबूल केले. कम्युनिस्ट नेता दिमित्रोव्हने १९३५ ला फॅसिझम म्हणजे वित्तभांडवलाच्या सर्वात प्रतिगामी गटाची उघड दहशतवादी हुकूमशाही असं म्हटलं ते उगाच नाही.

---

सायली_क (मंगळवार, रात्री ९:००)

दादा, ती बैठक हिटलर चान्सेलर झाल्या*नंतरची* आहे. हेन्री टर्नर या अमेरिकन इतिहासकाराने कंपन्यांची दफ्तरं चाळून दाखवलं की त्याआधी बड्या उद्योगांचा बराचसा पैसा दुसऱ्या उजव्या पक्षांना जात होता. म्हणजे त्यांनी हिटलरला उभा केला नाही, उभा राहिल्यावर त्याच्याशी सौदा केला. हा गुन्हा लहान नाही, पण वेगळा आहे.

आणि एक विचारते, राग मानू नका. नोव्हेंबर १९३२ ला समाजवादी आणि कम्युनिस्टांच्या मिळून २२१ जागा होत्या, नाझींच्या १९६. पण मॉस्कोच्या सांगण्यावरून कम्युनिस्ट समाजवाद्यांनाच "सामाजिक फॅसिस्ट" म्हणत होते. व्याख्या चुकली की शत्रूपण चुकतो.

---

गिरणगाव (मंगळवार, रात्री १०:४०)

राग नाही ताई. हे आमच्या घरात वडील आणि काकांमध्ये जेवणाच्या पाटावर झालेलं भांडण आहे. २२१ ला माझ्याकडे उत्तर नाही. १९३५ ला दिमित्रोव्हनेच संयुक्त आघाडीची हाक दिली, पण तोवर जर्मन कम्युनिस्टांचा पुढारी थेलमान दोन वर्षं तुरुंगात होता. ते चुकलं आणि फार महाग पडलं.

---

सांग्रो (बुधवार, सकाळी ६:३०)

मी या आयडीने का लिहितो ते सांगतो. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत, इटलीत सांग्रो नदीवर १९४३ च्या नोव्हेंबरात लढले. इटलीतच माणगावजवळचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगरकडच्या नामदेव जाधवांना सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमाबद्दल. म्हणजे फॅसिझमच्या मूळ गावात आपली माणसं गेली होती, त्यामुळे सगळी चर्चा जर्मनीवर चाललीये ते जरा खटकतं. फॅसिझम जन्मला इटलीत, आणि इटली पहिल्या युद्धात *जिंकलेल्या* बाजूला होती! "हरले म्हणून फॅसिस्ट झाले" हे सूत्र तिथेच तुटतं.

१९१९ च्या निवडणुकीत मुसोलिनीच्या लोकांना एकही जागा नाही. मग तीन वर्षांत काय झालं? पो नदीच्या खोऱ्यात बघा, फेरारा, बोलोन्या. शेतमजुरांच्या संघटना जबरदस्त झाल्या, मजूर कोणाला कधी किती द्यायचे ते संघटना ठरवायला लागली. जमीनदारांनी काळ्या सदऱ्यांच्या टोळ्या पोसल्या, रात्री ट्रकमधून यायचे, संघटनेचं ऑफिस जाळायचे, पुढाऱ्याला दंडुक्याने मारायचे, एरंडेल पाजायचे. पोलीस बघत उभे, कधी ट्रकपण त्यांचाच. १९२१ ला जोलित्ती या मुरलेल्या उदारमतवादी पंतप्रधानाने त्यांना आपल्या आघाडीत घेतलं, म्हटलं सत्तेत आले की निवळतील. ३५ जागा मिळाल्या.

२८ ऑक्टोबर १९२२ ला पहाटे पंतप्रधान फाक्ता लष्करी कायद्याचा हुकूम घेऊन राजाकडे गेला. रोममध्ये फौज तयार होती, बाहेर पावसात भिजलेले, अर्धवट हत्यारांचे काळे सदरे. राजा व्हिक्टर इमॅन्युएलने सही केली नाही. मुसोलिनी तेव्हा मिलानमध्ये होता, तिथून तो रात्रीच्या रेल्वेत झोपून रोमला आला. यालाच रोमवरची चढाई म्हणतात.

आता इटालियन अभ्यासकांचं भांडण. तत्त्वज्ञ क्रोचे म्हणाला हा इटलीच्या इतिहासातला कंस आहे, मध्येच आला आणि गेला. गोबेत्ती, पंचविशीसुद्धा न गाठलेला पोरगा, त्यांच्या मारहाणीने खंगून १९२६ ला पॅरिसमध्ये गेला, तो म्हणाला होता की नाही, हे आपल्या देशाचं आत्मचरित्र आहे. आणि १९७० च्या दशकात डे फेलिचेने मांडलं की १९२९ ते १९३६ मध्ये मुसोलिनीला लोकांची खरीखुरी संमती होती. तिथले प्रतिकारात लढलेले लोक चवताळले, कारण "सगळा देश दबलेला होता" हीच स्वातंत्र्यानंतरची समजूत. मला डे फेलिचे पूर्ण पटत नाही, जिथे विरोध केला की कैद तिथे संमती मोजायची कशाने? पण त्याने जखमेवर बोट ठेवलं हे नक्की.

---

जुनाकागद (बुधवार, दुपारी २:२०)

सांग्रो, अप्रतिम. दोन सह्या शेजारी ठेवा, राजाने न केलेली आणि हिंडेनबुर्गने केलेली. अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट पॅक्स्टन याचा भर यावरच आहे. तो म्हणतो फॅसिस्ट काय *बोलतात* याच्या व्याख्या करत बसू नका, ते पायरी पायरीने काय *करतात* आणि त्यांना दार कोण उघडतं ते बघा. दोन्ही देशांत त्यांनी सत्ता बळाने घेतली नाही, घाबरलेल्या जुन्या मंडळींनी दिली. याच्या उलट रॉजर ग्रिफिनसारखे लोक म्हणतात की विचार महत्त्वाचा, राष्ट्र सडलंय आणि त्याचा पुनर्जन्म घडवायचा, ही कल्पनाच फॅसिझमचा गाभा. मी पॅक्स्टनकडे, पण ग्रिफिन नसेल तर त्या ट्रकमधली विशीतली पोरं का चढली हे कळत नाही. जमीनदाराचा पैसा ट्रकला पुरतो, पोराच्या डोळ्यातल्या चमकेला नाही.

दुसऱ्या युद्धाबद्दल थोडक्यात लिहितो. गंमत बघा, फिशर १९६१ आणि टेलर (काकांचाच टेलर) पण १९६१. एक म्हणतो पहिलं युद्ध जर्मनीने जाणूनबुजून, दुसरा म्हणतो दुसरं युद्ध हिटलरने ठरवून नाही, तो संधीसाधू होता आणि इंग्लंड-फ्रान्सच्या चुकांनी त्याला संधी दिल्या. ट्रेव्हर-रोपर टेलरवर तुटून पडला, टीव्हीवर समोरासमोर वाद झाला. टेलरने ५ नोव्हेंबर १९३७ च्या होसबाखच्या टिपणाला (हिटलरने सेनाधिकाऱ्यांपुढे युद्धाचे बेत मांडले त्या बैठकीची नोंद) फार हलकं लेखलं, तिथे तो चुकलाच. नंतर ॲडम टूझने कारखाने, पोलाद, परकीय चलन यांच्या हिशोबावरून दाखवलं की १९३९ ला शस्त्रांच्या शर्यतीत वेळ आपल्या बाजूने नाही हे हिटलरला दिसत होतं म्हणून त्याने घाई केली. हेतू आणि परिस्थिती दोन्ही एकाच हिशोबात.

आणि इयन कर्शॉ. १९३४ मधलं एका प्रशियन अधिकाऱ्याचं भाषण त्याने पुढे आणलं, शेतकी खात्यातला माणूस, तो म्हणतो फ्यूरर प्रत्येक गोष्टीचा हुकूम देऊ शकत नाही, त्याला काय आवडेल ते ओळखून आपण काम करत राहायचं. हुकूम नसताना पुढे पुढे करणारी हजारो माणसं. मला हे सगळ्यात भयंकर वाटतं.

---

शांताराम_५२ (बुधवार, संध्या. ५:००)

सगळं वाचलं. मला एक कळत नाही, इतकी कारणं शोधली की कोणीच दोषी राहत नाही. मंदी होती, तह होता, भीती होती. मग साठ लाख ज्यू मारले त्याचं काय? कारण शोधणं म्हणजे अर्धी माफी नाही का?

---

बर्लिनकर (बुधवार, रात्री ११:१५)

शांतारामकाका, नेमका हाच वाद इथे १९८६ मध्ये पेटला होता. ६ जूनला इतिहासकार एर्न्स्ट नोल्टेने फ्रँकफर्टच्या मोठ्या पेपरात लिहिलं की स्टालिनच्या छळछावण्या आधीच्या, नाझींनी जे केलं ते त्या भीतीपोटी केलं असेल का? जुलैमध्ये तत्त्वज्ञ हाबरमासने उत्तर दिलं की हा जर्मनीचा हिशोब साफ करून घ्यायचा प्रयत्न आहे. वर्षभर सगळे इतिहासकार वर्तमानपत्रांतून भांडत होते.

मला त्यातून जे समजलं ते सांगतो. नोल्टे कारण शोधत होता यात चूक नव्हती. त्याने कारण *ज्यांनी केलं त्यांच्या हातातून* काढून दुसरीकडे नेलं ही चूक. वर सायलीताईंनी पापेनचं नाव घेतलं, सांग्रोंनी राजाचं, काकांनी मोल्टकेचं. कारणं शोधूनसुद्धा नाव पुसलं गेलं नाही, उलट तारखेसकट सापडलं.

माझ्या घरासमोरच्या फूटपाथवर पितळेचे चार छोटे चौकोन आहेत, एका कुटुंबाची नावं, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. धाकटी मुलगी नऊ वर्षांची. मी रोज त्यावरून पाय न देता जातो. तिथे उभं राहून मला कोणी "परिस्थिती" म्हटलं तर मलाही तुमच्यासारखंच होतं.

---

वऱ्हाडी_बाई (गुरुवार, सकाळी ११:४०)

उशिरा आली मी, पण एक राहून गेलं म्हणून लिहिते. हे सारे युरोपचे इतिहासकार युरोपातच कारण शोधतात. मार्तिनिक या कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटावरच्या एमे सेझेरने १९५० मध्ये म्हटलं की युरोपला हिटलरचा एवढा धक्का बसला कारण जे वसाहतींतल्या काळ्या-सावळ्या माणसांसोबत चालत होतं ते त्याने गोऱ्यांसोबत केलं. जर्मनांनी १९०४ ते १९०८ मध्ये आताच्या नामिबियात हेरेरो आणि नामा लोकांना वाळवंटात हाकलून, छावण्यांत डांबून मारलं, तेव्हा कोणाचं महायुद्ध झालं नाही. सरळ रेघ ओढता येत नाही हे मान्य, इंग्रजांच्या आणि बेल्जियमच्या वसाहती होत्या पण तिथे हिटलर झाला नाही. तरी हे पान पुस्तकात पाहिजेच.

आणि आपलं पण बघा. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने हिंदुस्थान युद्धात आहे असं जाहीर केलं, इथल्या एकाही निवडून आलेल्या माणसाला विचारलं नाही. फॅसिझमविरुद्ध, लोकशाहीसाठी! नेहरूंनी १९३६ मध्ये रोममधून जाताना मुसोलिनीची भेट नाकारली होती, त्याच नेहरूंना १९४२ मध्ये नगरच्या किल्ल्यात टाकलं. सांग्रोभाऊंचे आजोबा ज्या फॅसिस्टांशी लढले ते लढणं खरंच होतं, पण पाठवणाऱ्याने विचारलं नव्हतं हे पण खरंच होतं. दोन्ही एकदमच मनात ठेवावं लागते.

---

सांग्रो (गुरुवार, दुपारी १:०५)

ताई, आजोबा हेच म्हणायचे. लढाई बरोबर होती, नोकरी साहेबाची होती. इटलीतल्या एका म्हातारीने त्यांना चेस्टनटच्या पिठाची भाकरी दिली होती, ती आठवण ते शेवटपर्यंत सांगायचे. तिचा मुलगा जर्मनांनी नेला होता.

---

माणदेशी (गुरुवार, रात्री ११:५०)

चार दिवस रोज रात्री हा धागा वाचतोय, आत्यालाही फोनवर वाचून दाखवतो. जुनाकागद यांनी प्रश्न वेगळे करायला सांगितलं ते मला लागू पडलं. माझा एकच प्रश्न होता आणि तो चुकीचा होता. युद्ध लागलं त्याची नावं मला आता सापडलीत, कोरा चेक देणारा, ३० जुलैला पुन्हा हो म्हणणारा. पणजोबा बसऱ्याला उतरले त्याला तेल आणि हिंदुस्थानचा रस्ता. कुतमध्ये अडकले त्याला मात्र पुरेशी रसद आणि बोटी नसताना बगदाद घ्यायला पुढे ढकलणारे साहेब, त्याची चौकशी ब्रिटिश पार्लमेंटनेच नेमलेल्या आयोगाने केली, १९१७ मध्ये अहवाल आला आणि हिंदुस्थानमंत्री ऑस्टिन चेंबरलेनला राजीनामा द्यावा लागला. आणि मुळात भरती का झाले? आत्या म्हणाली सलग दोन वर्षं बाजरी जळाली होती आणि धाकट्या बहिणीचं लग्न होतं. हे कुठल्याच इतिहासकाराच्या यादीत नाही, पण माझ्या यादीत सगळ्यात वर तेच लिहिलं.

आता एक मदत पाहिजे. रास अल-ऐनला जे मेले त्यांची नोंद बसऱ्याच्या स्मारकाशी जोडलेली आहे असं वाचलं, पण जे *परत आले* त्यांची ११० मराठाची यादी कुठे बघायला मिळेल का? मेडलच्या कडेवरचा नंबर भिंगातून बघितला, चारपैकी शेवटचा आकडा रांगोळीने घासून घासून पुसट झालाय, ३ आहे की ८ ते कळत नाही. उद्या उजेडात फोटो काढून टाकतो.